टेबलटॉप फँटसी खेळांत पात्रं शिकतात कशी, आणि ते पटतं का?

गोदाकाठचा_डीएम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत पात्राला पहिल्या लेव्हलवरून (क्षमतेची पायरी) विसाव्या लेव्हलला जायला ३,५५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. त्याच आवृत्तीच्या डीएमसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात आणखी एक तक्ता आहे: कुठल्या लेव्हलच्या पात्राला दिवसभरात साधारण किती एक्सपीच्या लढाया झेपतात. पहिल्या लेव्हलला ३००, पाचव्याला ३,५००, विसाव्याला ४०,०००. हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून लेव्हलगणिक भागाकार केला की उत्तर येतं ३३-३४ दिवस. म्हणजे आज गावाच्या वेशीवर गॉब्लिन पाहून पाय लटपटणारा पोरगा पुढच्या अमावास्येच्या आसपास ड्रॅगनला आव्हान देतो. प्रवासाचे आणि जखमा भरून येण्याचे दिवस वेगळे धरा, तरी वर्षाच्या आत मामला आटोपतो.

मी नाशिकमध्ये एक गट चालवतो, कॉलेज रोडला एका मित्राच्या घरी आम्ही रविवारी बसतो. हा वेग मला एकवेळ चालेल. खुपतं ते वेगळंच. आमच्या गटातल्या चोराच्या पात्राने अख्ख्या मोहिमेत एकाही कुलपाला हात लावला नाही. बाण मारून गॉब्लिन पाडले, एक्सपी जमले, पाचवी लेव्हल आली, प्रोफिशियन्सी बोनस (येत असलेल्या कौशल्यांच्या फाशात मिळवायचा आकडा) दोनाचा तीन झाला आणि कुलूप उघडण्यात तो आपोआप तरबेज झाला. गॉब्लिन आणि कुलूप यांचा संबंध काय?

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिला खेळ काढला तेव्हा बहुतेक एक्सपी खजिन्यातून यायचे, एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी. त्यामागे विचार होता. राक्षसाशी न भिडता, डोकं लढवून माल बाहेर काढणाऱ्याला जास्त फळ मिळावं. शिकण्याचं चित्रण म्हणून मात्र ते काहीच नव्हतं. मग १९७९च्या डीएम पुस्तकात गायगॅक्सने नियम घातला की एक्सपी पुरे झाले तरी लेव्हल लगेच नाही. गुरूकडे एक ते चार आठवडे शिकायचं आणि दर आठवड्याला लेव्हल गुणिले १,५०० नाणी मोजायची. खेळाडू आपल्या पात्राच्या वर्गाला (चोर, योद्धा, जादूगार) शोभेल असा किती खेळला यावर डीएमने आठवडे ठरवायचे. माझ्या ओळखीत हा नियम पाळणारं एकही टेबल नाही. मला तो आजही मोलाचा वाटतो, कारण शिकायला वेळ लागतो आणि शिकवणारा लागतो या दोन गोष्टी त्यात उघड मान्य केल्या आहेत.

रूनक्वेस्ट या दुसऱ्या फँटसी खेळाने १९७८ साली लेव्हलच काढून टाकल्या. जे कौशल्य वापरून यश मिळालं त्यापुढे खूण करायची, मोहीम संपली की शंभराचा फासा (१ ते १००) टाकायचा आणि तो सध्याच्या टक्केवारीच्या वर आला तरच वाढ. तलवार ३० टक्के असेल तर वाढण्याची शक्यता ७० टक्के, ९० असेल तर जेमतेम १०. नवशिक्या भरभर पुढे जातो, उस्ताद मुंगीच्या पावलांनी. मानसशास्त्रातही हेच दिसतं. क्रॉसमनने १९५९ साली सिगार वळणाऱ्या कामगारांचा वेग तपासला तेव्हा पहिल्या काही महिन्यांत तो झपाट्याने वाढला होता आणि पुढे कित्येक वर्षं, लाखो सिगार वळूनही, थोडाथोडा वाढतच राहिला होता. न्यूवेल आणि रोझनब्लूम यांनी १९८१ साली अशा अनेक कामांना एकच वक्ररेषा लागू पडते हे दाखवलं. रूनक्वेस्टचा फासा त्याआधीच ती रेषा काढत होता, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. (१९८१च्या कॉल ऑफ क्थुलू या खेळाने हीच पद्धत उचलली.)

पण एक यश, एक खूण, एवढ्यावर तो नियम थांबतो. मग खेळाडू खुणा गोळा करत सुटतात. कारण नसताना झाडावर चढ, दिसेल त्याच्याशी घासाघीस कर, एक खूण पडली की दुसरं हत्यार काढ. आणि मुख्य म्हणजे, काम जमलं की नाही एवढंच तिथे कळतं. का जमलं, ते कळत नाही.

आमचे मामा दिंडोरी भागात द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणीला काडीच्या कितव्या डोळ्यावर कात्री लावायची हे ठरवायचं असतं. हल्ली छाटणीआधी काड्या लॅबमध्ये पाठवून कुठल्या डोळ्यात घड आहे ते पाहून घेतात, तरी शेतात प्रत्येक काडीची जाडी आणि उन्हाकडची बाजू बघून निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. छाटलं, डोळ्यांना पेस्ट लावली, की मग थांबायचं. फूट निघाल्यावर कळतं घड आला, गोळी घड झाला की जिरला. खरा निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे वर्षाला एक प्रश्न आणि एक उत्तर. मामांकडे येणाऱ्या छाटणीवाल्यांत वर्षानुवर्षं कात्री चालवणारे खूप आहेत, पण फूट निघाल्यावर परत येऊन आपणच छाटलेल्या ओळी बघून जाणारा एकच आहे. तो सगळ्यांत चांगला आहे, आणि त्याला मागणीही सगळ्यांत जास्त.

माझं म्हणणं एवढंच की पात्र किती वेगाने वाढतं यापेक्षा, मागे वळून आपलं काम बघायला खेळ त्याला जागा देतो का, यावर शिकण्याचा खरेपणा ठरतो. तुमच्या टेबलांवर काय करता?

सातपूरची_शिफ्ट

धागा आवडला, दादा. आधी एक दुरुस्ती. दिवसाच्या एक्सपीचा तो तक्ता गुणक लावलेल्या आकड्यांचा आहे. राक्षस अनेक असले की लढाईची अवघडता गुणकाने वाढवतात, पण पात्राला मिळणारे एक्सपी गुणकाशिवायचे असतात. त्यामुळे प्रत्यक्षात दिवस ३३ पेक्षा बरेच जास्त लागतात. मूळ मुद्दा तसाच राहतो.

मी एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशिनवर) आहे. आमच्याकडे ऑपरेटर आणि सेटर ही दोन वेगळी माणसं असतात. ऑपरेटर पीस लावतो, दार बंद करतो, सायकल स्टार्ट दाबतो. सेटर पहिला पीस काढतो, मायक्रोमीटर लावतो, व्यास दोन शतांश मिलिमीटरने मोठा आला तर ऑफसेट (मशिनला तेवढी दुरुस्ती) देतो, दुसरा पीस काढून परत मोजतो. टूल झिजलं की आवाज बदलतो, तो त्याला स्क्रीन बघायच्या आधी कळतो. दोघांचे तास सारखेच. दहा वर्षांनी एक जण अजून बटणच दाबत असतो आणि दुसरा नवीन मशिन एकट्याने लावून देतो. तुमच्या छाटणीवाल्याचीच गोष्ट, फक्त इथे उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

गर्प्स नावाच्या खेळात यासाठी नियम आहे. शिक्षकासोबतच्या २०० तासांना कौशल्य वाढवायचा एक गुण. स्वतः शिकत असाल तर दोन तासांचा एक तास धरायचा. नोकरी करता करता शिकत असाल तर चार तासांचा एक. म्हणजे आठ तासांच्या शिफ्टमध्ये शिकण्याचे तास दोनच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हे कारखान्यात राहिलेल्या माणसाने लिहिलंय. पहिल्या पायऱ्या एक, दोन, चार गुणांना मिळतात आणि पुढची प्रत्येक पायरी चार-चार गुणांना, त्यामुळे सुरुवातीचा वेगही बरोबर पकडला जातो. पुढे मात्र रेषा सरळ होते, आणि खऱ्या आयुष्यात ती वाकतच जाते.

दहा हजार तासांचा जो आकडा सगळीकडे फिरतो त्याबद्दलही थोडं. एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर निबंध लिहिला, त्यातून तो उचलला गेला. उत्तम गटातल्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा तो सरासरी सराव होता. तेवढे तास भरले की माणूस उस्ताद होतो असं एरिक्सनने म्हटलेलं नाही, उलट पुढे त्याने त्यावर आक्षेपच घेतला. त्याचा भर होता शिक्षकाने नेमून दिलेल्या, नेमक्या उणिवेवर केलेल्या एकट्याच्या सरावावर.

तिखट_मिसळ

मी थोडी वेगळ्या मताची आहे. आमचा गट इंदिरानगरला भरतो, दोन आठवड्यांतून एकदा, कारण सगळ्यांच्या नोकऱ्या आणि दोघींची लहान मुलं. अडीच-तीन तास मिळतात. लेव्हल वाढली की सगळ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो त्यासाठी सगळ्या येतात. तुमच्या हिशोबाने चाललं तर आमचं कॅम्पेन (सलग चालणारी अख्खी गोष्ट) संपेपर्यंत मुलं दहावीला जातील. पात्रं वाढतात कारण गोष्ट वाढायला हवी, हे कारण मला पुरेसं वाटतं आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

ज्यांना खरेपणा हवाच आहे त्यांनी १९७७चा ट्रॅव्हलर बघावा. फँटसी नाही, अंतराळातला आहे, पण उत्तर सरळ आहे. पात्र आधीच नोकरी करून आलेलं असतं, चार-चार वर्षांच्या मुदती भरून. प्रत्येक मुदतीत काहीतरी शिकतं, ३४व्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे सुरू होतात आणि मुदतीच्या मधेच पात्र मरूही शकतं. खेळ सुरू झाल्यावर शिकणं जवळपास नाहीच. शिकायला वर्षं लागतात ना, मग ती वर्षं खेळाच्या आधी घाला.

चांदवडकर

ताईंचा मुद्दा पटला. पण शिकणं नेहमी संथच असतं हे गृहीत धरू नका.

दत्तू भोकनळ आमच्याच तालुक्यातले, तळेगाव रोहीचे. २०१२ साली सैन्यात गेले, तिथे पुण्यात पहिल्यांदा वल्ही हातात घेतली, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात १३वे आले. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्ण. चार वर्षांत शून्यापासून ऑलिंपिक! कुणी कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) असं लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं की डीएमने फुकट लेव्हली वाटल्या.

पण त्यामागे काय होतं तेही बघा. कष्टाच्या कामात वाढलेलं शरीर, उंची, सैन्याची शिस्त, दिवसभर तेवढंच काम आणि डोळ्यात तेल घालून बघणारा प्रशिक्षक. म्हणजे वल्हवणं नवं होतं, पण त्याखालचा पाया आधीपासून पक्का होता. खेळांच्या भाषेत सांगायचं तर ॲट्रिब्यूट (ताकद, चपळाई असे मूळ गुण) तगडे, गुरू चांगला आणि पोटापाण्यासाठी दुसरीकडे तास घालवायची गरज नाही. गर्प्समध्येही पूर्णवेळच्या कडक प्रशिक्षणाला दुप्पट तास धरतात, ते याचसाठी.

तेव्हा एक महिन्यात विसावी लेव्हल पटत नाही हे खरं, पण चार वर्षांत शेतकऱ्याच्या पोराचा राजाचा सर्वोत्तम योद्धा झाला तर मला ते शंभर टक्के पटेल.

येवल्याची_लेक

आर्स मॅजिकाचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. १९८७चा खेळ, जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा. त्यात काळ ऋतूंत मोजतात, वर्षाचे चार ऋतू. एका ऋतूत जादूगार एकच मोठं काम करतो: ग्रंथ वाचतो, गुरूकडे शिकतो, प्रयोगशाळेत बसतो किंवा शिष्याला शिकवतो. ग्रंथाला पातळी असते आणि दर्जा असतो. पातळी सांगते की तो ग्रंथ तुम्हाला कुठवर नेईल, दर्जा सांगतो की किती वेगाने. पातळी ओलांडली की तो ग्रंथ कितीही उत्तम असो, त्यातून काही मिळत नाही. आणि कौशल्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग: पहिलीला एकूण ५ गुण, दुसरीला १५, तिसरीला ३०, चौथीला ५०, पाचवीला ७५.

मी माग असलेल्या घरातली आहे, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं. पैठणीच्या मागावर पोर आधी कांड्या भरतं. मग साधं अंग विणायला मिळतं, मग काठ, आणि पदराचा मोर हातात यायला वर्षं जातात. विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी तेवढ्याच तारांत फिरवून परत आणायची असते. एक तार चुकीची उचलली तर मोराची मान जाड होते, आणि ते शिकाऊ पोराला दिसत नाही. त्याला मोर दिसतो. आजीला लांबून चूक दिसते. ती येऊन बोटाने दाखवते, तेवढं उसवून परत विणायला लावते. पोराला स्वतःची चूक स्वतःला दिसायला लागली की ते शिकलं असं घरात समजतात. डीएमदादा, तुमचा परत येऊन ओळी बघणारा छाटणीवाला त्या टप्प्याला पोचलेला आहे. त्याआधीच्या टप्प्याला दुसऱ्याची नजर लागतेच.

आर्स मॅजिकाची अडचण वेगळीच आहे. तिथे साहसाने अभ्यास बुडतो. जादूगाराला ग्रंथ सोडून बाहेर पडायचंच नसतं, कारण घरी बसलेला ऋतू जास्त फळ देतो. शिकण्याचं चित्रण इतकं खरं झालं की साहस परवडेनासं होतं. तिखट_मिसळताई, तुमचं म्हणणं मला इथे आठवतं.

फासेपारधी

चुकल्यावर शिकणाऱ्या खेळांबद्दल कोणी बोलेल का? डन्जन वर्ल्डमध्ये, २०१२चा, दोन फाशांची एकूण बेरीज सहा किंवा खाली आली, म्हणजे काम फसलं, की एक्सपी. आमच्या नवख्या पोरांना ते भलतंच आवडलं, फासा वाईट पडला तरी कोणी हिरमुसत नाही.

गोदाकाठचा_डीएम

@फासेपारधी, टेबलावरचं वातावरण त्याने खूप सुधारतं, यात शंका नाही. पण नुसतं चुकून कोणी शिकत नाही. मला त्याहून बर्निंग व्हील या खेळाची पद्धत भावते. तिथे काम सोपं, कठीण की आव्हानाचं याची नोंद होते, मग जमो वा न जमो. वर चढायला ठरावीक संख्येने कठीण प्रसंग अंगावर घ्यावे लागतात, आणि पाचव्या पायरीपासून पुढे सोप्या कामांची नोंद धरतच नाहीत. बटण दाबणारा ऑपरेटर तिथेच थांबतो. खेळाडूही मुद्दाम हरण्याची शक्यता असलेली कामं शोधायला लागतात, आणि त्यातून गोष्ट रंगते.

@येवल्याची_लेक, तुमचा प्रतिसाद मी गटात वाचून दाखवला. नजरेचा मुद्दा मी मांडायला हवा तसा मांडला नव्हता, तो तुम्ही नेमका मांडलात.

साहस आणि अभ्यास यांच्या भांडणावर आमच्या गटाने जो तोडगा काढला तो सांगतो. मराठा फौजा पावसाळ्यात छावणीला असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, घोड्यांना चारा-विश्रांती हवी, पेरणीची माणसं घरी हवीत. आमच्या काल्पनिक राज्यातही आम्ही तोच पावसाळा ठेवला आहे. दसरा ते मृग मोहीम, मृगाचा पाऊस पडला की छावणी. पावसात डोंगर ओलांडायचा हट्ट कोणी केलाच तर करू देतो, पण वाटेत नदी काय करते ते फाशावर असतं. त्यामुळे अभ्यासाचे महिने आणि साहसाचे महिने एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत.

मोहिमेत हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वाढतात, कारण मार खाऊन टिकायला माणूस मैदानातच शिकतो. कौशल्यं आणि नवे मंत्र वाढत नाहीत. कठीण प्रसंगी कौशल्य वापरलं की खेळाडू शीटवर एक ओळ लिहितो: काय झालं आणि कुठे अडलं. "किल्लेदाराशी बोलताना त्याच्या भावाचं नाव काढलं आणि तो बिथरला." छावणीत त्यातल्या दोनच ओळी निवडायच्या. प्रत्येक ओळीसाठी सांगायचं की हे कुणाला दाखवलंस. गुरू, जुना सैनिक, सोबतचं पात्र, कुणीही चालेल, पण त्याला ते काम तुझ्याहून जास्त यायला हवं. मग रूनक्वेस्टचा फासा. कुणालाच दाखवलं नसेल तर फासा दोनदा टाकून वाईट तो धरायचा.

हे सगळं टेबलावर एका सेशनच्या आत उरकतं, @तिखट_मिसळ. वर्ष पुढे सरकतं, मुलांच्या दहावीची काळजी नको. उलट छावणीच्या सेशनलाच आमच्याकडे कोणी दांडी मारत नाही. किल्लेदाराशी बोलताना अडलेली सरदारीण एका म्हाताऱ्या कारकुनाकडे गेली, आणि त्या कारकुनाभोवती पुढची अख्खी मोहीम उभी राहिली.

तिखट_मिसळ

हे मात्र करून बघण्यासारखं आहे. लेव्हल काढून न टाकता जमतंय हे महत्त्वाचं. आमच्या गटात मांडते.

सातपूरची_शिफ्ट

एक भर. विसरण्याचं काय? एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून पाठांतर किती झटकन उडतं ते मोजलं. त्यातच त्याला हेही सापडलं की विसरलेलं परत पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि सगळं सारखं विसरत नाही. सायकल चालवणं, पोहणं अशी सलग हालचालीची कामं वर्षानुवर्षं टिकतात. एकामागून एक पायऱ्या लक्षात ठेवायची कामं लवकर उडतात. वर्षभर न लावलेल्या मशिनचा प्रोग्रॅम लोड करताना सेटरसुद्धा कागद बघतो, पण मायक्रोमीटर धरायचा हात जात नाही.

शीटवरचा आकडा कमी करायचा नियम केला तर खेळाडू तो सहन करत नाहीत. त्यापेक्षा गंज ठेवा. एक अख्खं वर्ष जे कौशल्य वापरलं नाही त्याचा पहिला फासा डिसॲडव्हांटेजने (दोनदा टाकून वाईट तो धरायचा), त्यानंतर पूर्ववत. तोही फक्त पायऱ्यांच्या कामांना: कुलपं, सापळे, औषधं बनवणं. तलवार, पोहणं, घोडेस्वारी यांना नाही.

गोदाकाठचा_डीएम

घेतला. या पावसाळ्यापासूनच लावतो. एक शंका आहे: मंत्रांना गंज लावायचा का? पायऱ्यांचंच काम आहे तेही.

येवल्याची_लेक

विझर्डला नको. तो रोज पोथी उघडून मंत्र तयार करतो, म्हणजे त्याची उजळणी रोजच चालू असते, आणि पोथी जवळ आहे तोवर विसरायचा प्रश्न येत नाही. पोथी हरवली किंवा भिजली तर मात्र लावा. सॉर्सररला जन्मजात येतं, त्यालाही नको. पण बार्ड, म्हणजे जादू येणारा भाट, ऐकून-ऐकून शिकलेला असतो, पोथीशिवाय. त्याने वर्षभर न म्हटलेल्या मंत्राला गंज लागायलाच हवा, आणि छावणीत दुसऱ्या कुणासोबत म्हणून घेतला तर तो जावा.